निघू न दिलेला बोल्ट

ईरा आणि निहार,

तुमचे आजोबा गेले ते भर दुपारी, जेवणानंतर खुर्चीत पेपर वाचता वाचता. मी ओटा आवरत होते. पेपर खाली पडल्याचा आवाज आला. मी आतूनच म्हटलं, "अहो, झोपायचं तर पलंगावर झोपा." उत्तर आलं नाही... याला आता दीड-दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं त्यांच्याबद्दल चांगलं बोलून जातात, आणि ते खोटं नाही. पण तुम्ही इतक्या लांब, तुमच्या वाट्याला फक्त सुट्टीतले आजोबा आले. मला ते पूर्ण सांगायचे आहेत, म्हणून ही आमच्या गाडीची गोष्ट.

आजोबांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. कुठलंही यंत्र उघडायची त्यांना हौस, मात्र रहदारीत गाडी चालवायची धास्ती. त्यामुळे गाडी मी चालवायची आणि त्यांनी डावीकडे बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा, ही आमची वाटणी. "तिसरा टाक, ओरडतंय ते." "इंजिन नाही ओरडत, तुम्ही ओरडताय." असं आम्ही लोणी काळभोरपर्यंत भांडत जायचो आणि तिथे उसाचा रस पिऊन परत यायचो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी विश्रांतवाडीच्या एका शाळेत मुलींना इंग्रजी बोलायला शिकवू लागले. सहकारनगरहून सगळं शहर ओलांडून जायचं, पण हातात चावी असली की मला ते अंतर कधी जाणवलं नाही. ते काम माझं होतं, कोणाची आई किंवा आजी म्हणून मिळालेलं नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वी इंजिनातलं पाणी गळायला लागलं. आजोबांनी पाण्याच्या वाटेवरचं झाकण उघडलं, आतलं पॅकिंग बदललं आणि परत आवळताना एक बोल्ट तुटला. डोकं पान्यात आलं, उरलेला तुकडा इंजिनात रुतून बसला, नखाएवढा वर. तो निघेपर्यंत झाकण बसणार नाही, आणि झाकणाशिवाय गाडी चालणार नाही.

"युनूसभाईंना बोलवा की," मी म्हटलं. युनूसभाईंचं नाना पेठेत वडिलांच्या वेळेपासूनचं गॅरेज.

"युनूस काय वेगळं करणार? ड्रिल जरा तिरकं गेलं तर इंजिनच बाद. दमाने घ्यावं लागतं."

मग दर रविवारी आमचं दमाने घेणं सुरू झालं. ते तुकड्यावर तेल सोडायचे, हलक्या हाताने ठोकायचे, पकडीने फिरवून बघायचे. मी शेजारी वाकून टॉर्च धरायची. "आज जरा हलल्यासारखा वाटतोय," ते म्हणायचे, आणि मी खुशीत वर जाऊन आल्याचा चहा टाकायची. असे कित्येक महिने गेले. रिक्षा करून पाहिल्या, पण इतक्या लांब यायला निम्मे रिक्षावाले नाही म्हणत. "गाडी झाली की येते," असं मी शाळेला सांगत राहिले. शेवटी एका सकाळी मुख्याध्यापिकांना फोन करून वर्ग सोडला. आजोबा जवळच उभे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला... तेव्हा मला तो हात फार मायेचा वाटला.

ते गेल्यावर, शाळेत पुन्हा जावं असं मनात आलं म्हणून मी युनूसभाईंना बोलावलं. त्यांनी तुकडा घासून साफ केला, त्याच्यावर एक नट ठेवला आणि वेल्डिंग करून दोन्ही एकजीव केले. जरा निवू दिलं. मग नटाला पाना लावला, आणि कुरकुरत तुकडा बाहेर आला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, वहिनी."

"मग साहेबांना इतके दिवस कसं नाही जमलं?"

युनूसभाई फडक्याला हात पुसत राहिले. "त्यांना न जमायला काय झालं... ही युक्ती मला त्यांनीच शिकवली, आमच्या गॅरेजात उभं राहून. मी येतो म्हणालो होतो. म्हणाले, राहू दे, तो तिथेच बरा आहे."

मी तुमच्या बाबांना फोन लावून युनूसभाईंचं बोलणं सांगितलं.

"आई, गाडी बिघडायच्या आधी त्या चौकात स्कूटरवाला तुला दिसलाच नव्हता, थोडक्यात वाचला. बाबा घाबरले होते. सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"सांगून बघितलंत का?"

"आम्हाला वाटलं, असं तुला कमी लागेल."

आम्हाला. म्हणजे मी खाली टॉर्च धरत होते, तेव्हा वर फोनवर सगळं ठरलेलं होतं.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटी गेले. कडेचं मला कमी दिसतं, गाडी आता नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे आजोबांचं बरोबर होतं. त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. डॉक्टरांना जे वाक्य एका दमात म्हणता आलं ते माझ्या नवऱ्याला म्हणता आलं नाही. मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग चावी दिली असती. शाळेत जायची दुसरी काही सोय शोधली असती. मी ती शोधलीच नाही, कारण मी बोल्ट निघायची वाट बघत होते.

रोज सकाळी चहा झाला की मी त्यांच्या फोटोशी दोन शब्द बोलायची. युनूसभाई येऊन गेल्यापासून ते बंद आहे. फोटो पुसते, फूल वाहते, बोलत नाही. आमच्यात अबोला झाला की पहिलं बोलायचे ते नेहमी आजोबाच. समोर टेबलावर असलेला स्वतःचा चष्मा "कुठे गेला गं?" म्हणून विचारत घरभर फिरायचे, आणि मला उत्तर द्यावंच लागायचं.

चष्मा टेबलावर समोरच ठेवला आहे. अजून त्यांनी विचारलेलं नाही.