टोपी बांधलेला वायपर

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला आईकडे होते. दुपारचा चहा ठेवला होता आणि प्रशांतचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "नाना गेले गं... जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." तो पुढेही काहीतरी सांगत होता, पण माझ्या कानात ते शिरत नव्हतं. चहा उतू गेला. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं आणि गॅस बंद केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अशा अवस्थेत एकटीने गाडी चालवत जाऊ नकोस, कोणाला तरी सोबत घे." आई शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिच्या सासऱ्यांनी शिकवलंय." चैत्रातलं ऊन रस्त्यावर नुसतं पेटलं होतं. पारोळ्याच्या अलीकडे डोळे इतके भरून आले की समोरचं काही दिसेना. एका लिंबाखाली गाडी उभी केली, पोटभर रडून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि मगच निघाले. दिसत नसेल तर थांबायचं, दिसायला लागलं की निघायचं... हेही नानांनीच सांगितलेलं.

नाना म्हणजे माझे सासरे. अमळनेरच्या एका शाळेत त्यांनी सगळी नोकरी चित्रकला शिक्षक म्हणून केली. निवृत्त झाल्यावर ते आणि अक्का, माझ्या सासूबाई, आमच्याकडे जळगावला मेहरूणमध्ये राहायला आले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं असलं तरी टोपी घातल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. बोलणं शुद्ध, शाळेतल्यासारखं. पण घाई झाली किंवा मन भरून आलं की आपसूक अहिराणी यायची. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने एक छोटी गाडी घेतली होती. अक्कांना घेऊन ते गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे जायचे. प्रशांतला कंपनीची गाडी होती, त्यामुळे घरची गाडी ही नानांचीच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, पण कडेचं हळूहळू झाकोळत चाललं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी मेहरूणच्या तलावाजवळच्या वळणावर डावीकडून आलेला एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो सावरला म्हणून बरं, कुणाला काही झालं नाही. नाना घरी आले, पायरीवर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी ग्लास घेण्याआधी माझ्या हातात किल्ली ठेवली. "आजपासून गाडी तुझी. मला आता चालवता येणार नाही."

मी म्हटलं, "नाना, मला तर स्टेअरिंगसुद्धा धरता येत नाही. प्रशांतला द्या."

"त्याला गाडी आहे. तुझी आई धुळ्यात एकटी असते. तिकडे जायचं म्हटलं की तू आधी त्याची सुट्टी बघतेस, मग एसटीची वेळ बघतेस. आईकडे जायला कुणाची वाट बघायची नाही, कळलं?"

मी आईवडिलांची एकुलती एक मुलगी. वडील गेल्यापासून आईची काळजी माझ्या मनात सतत असायची, पण सासरी तसं बोलून दाखवायची हिंमत मी कधी केली नव्हती. नानांनी ती काळजी कधी ओळखली कोण जाणे. स्वतःची एक मोठी गोष्ट सुटत असताना त्यांना माझी आई आठवली. आजही हे लिहिताना हात थांबतो...

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी गिअर आणि क्लच शिकले. घरी नानांचा वेगळा तास असे, आणि तो काचेपासून सुरू झाला. "इंजिन बिघडलं तर गाडी थांबेल. काच बिघडली तर गाडी चालत राहील आणि तुला कळणारही नाही कुठे चाललीस," असं ते म्हणाले. ओल्या फडक्याने वायपरचं रबर पुसायला लावलं. फडकं काळंकुट्ट झालं. मग रबराची कड अंगठ्याने वाकवून दाखवली. कड मऊ असली तर ठीक, बारीक चिरा दिसल्या किंवा काचेवर पाण्याच्या रेघा राहायला लागल्या की ब्लेड बदलायचं. शिवणाच्या टेपने आम्ही दोन्ही ब्लेडं मोजली. उजवीकडचं, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचं, लांब, डावीकडचं आखूड. मला तोवर दोन्ही सारखीच वाटायची. वायपरचा दांडा उभा करायचा, खाली काचेवर जाड टॉवेल घालून ठेवायचा, कारण हातातून निसटून रिकामा दांडा आपटला तर काच तडकते. मग हुकाजवळची बारीक पट्टी दाबून ब्लेड खाली ओढायचं. पहिल्यांदा माझं नख तुटलं. नाना हसले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणाले, जसे चुकलेल्या चित्रावर मुलांना म्हणत असतील तसे.

ब्लेडं घ्यायला आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता नानांशीच बोलायला लागला. "बाबा, ही जोडी घ्या, सगळ्या गाड्यांना चालते." नानांनी दोन्ही हात मागे बांधले. "ताईंना विचारा. गाडी त्यांची आहे." मी घाबरत घाबरत म्हटलं की दोन्ही एकाच मापाची नकोत, उजवीकडचं लांब हवं, आणि हुक आमच्या जुन्या ब्लेडासारखा हवा. पिशवीतून जुनी ब्लेडं काढून समोर ठेवली. त्याने मुकाट्याने आत जाऊन दुसरी जोडी आणली, चांगल्या मनाने खोक्यातून काढून लावूनही बघू दिली. बाहेर आल्यावर रसवंतीवर थांबून आम्ही दोघं उसाचा रस प्यायलो. मला त्या दिवशी परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका झडीच्या दुपारी, धुळ्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला धाप लागली म्हणून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. हृदयाचं काहीतरी तातडीने करावं लागणार होतं, आणि आई हट्टाला पेटली होती. मुलगी आल्याशिवाय आत जाणार नाही, सहीही करणार नाही. प्रशांत नाशिकला होता. मी किल्ली उचलली तेव्हा नाना टोपी घालून दारात उभे होते. "मी शेजारी बसतो. मला दिसत नसलं तरी तुला सोबत होईल."

एरंडोलच्या पुढे पाऊस इतका वाढला की समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसायचे. एक ट्रक अंगावर चिखलपाण्याची भिंत फेकून गेला, आणि पुढच्याच क्षणी माझ्या बाजूचं ब्लेड दांड्यावरून सुटून अंधुक पाण्यात नाहीसं झालं. नुसतं लोखंड काचेवर करकरत फिरायला लागलं. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि मला रडू फुटलं. "नाना, आता कसं जाऊ? ती वाट बघतेय तिथे..."

"दख पोरी, घाबरानं काम नही," नाना म्हणाले. "डावीकडनं काढ, उजवीकडे लाव. हुक सारखाच शे."

भर पावसात मी उतरले. नाना माझ्यावर छत्री धरून उभे राहिले, स्वतः मात्र निथळत होते. डावीकडचं आखूड ब्लेड काढून मी माझ्या बाजूला बसवलं. काच वरपर्यंत पुसली जाणार नव्हती, पण माझ्या डोळ्यांसमोरचा तुकडा पुरेसा होता. प्रश्न उरला डावीकडच्या उघड्या दांड्याचा. तो तसाच फिरला असता तर काच ओरखडली असती. गाडीत फडकं सापडेना. नानांनी क्षणभर विचार केला, डोक्यावरची टोपी काढली, घडी करून दांड्याला गुंडाळली आणि माझ्याकडे हात पुढे केला. "तुझं केसाचं रबर दे."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा बोडक्या डोक्याने रस्त्यावर उभं असलेलं पाहिलं. पारोळा मागे पडला, धुळं आलं. माझ्यासमोर आखूड ब्लेड आणि नानांसमोर त्यांची टोपी, दोन्ही मिळून काच पुसत होती. मध्येच नाना स्वतःशीच हसले. मग मीही हसले, रडता रडता.

दवाखान्यात आई स्ट्रेचरवर होती. चेहरा पांढरा पडलेला. माझा हात तिने घट्ट धरला, मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या नानांवर गेली. तशाही स्थितीत तिने पदर सावरला आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "नाना, टोपी कुठंय तुमची?"

"टोपी गाडीवर शे," नाना म्हणाले. "ती काम करी राह्यनी."

आई हसली. मग तिने नर्सकडे वळून सांगितलं, "चला, न्या आता." आई बरी झाली. आज ती स्वतःच्या पायांनी बाजारात जाते, माझ्याशी फोनवर भांडते. तिला पुढे मिळालेले हे दिवस मी कुणाच्या खाती धरायचे, ते मला नीट माहीत आहे. नानांना एकदा तसं बोलून दाखवायला गेले तर ते म्हणाले, "गाडी तू चालवलीस." विषय संपला.

आता नानांना जाऊन काही आठवडे झाले. घरी येणाऱ्यांची वर्दळ ओसरली. जळगावचं ऊन मे महिन्यात कसं असतं हे इथल्यांना सांगायला नको. परवा दुपारी मी कामावरून येऊन गाडी अंगणात लावली आणि आत जाऊन पडले. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर अक्का डोक्यावर पदर घेऊन उन्हात गाडीपाशी उभ्या होत्या. गाडीत पुढे बसायलाही संकोचणाऱ्या अक्का. त्यांनी एक वायपर काचेपासून अलगद उचलून उभा केला, मग वळसा घालून दुसरा. नाना उन्हाळाभर हे करायचे, तापलेल्या काचेला रबर चिकटू नये म्हणून. माझ्या ते लक्षातच नव्हतं; अक्का मात्र इतकी वर्षं ओसरीत बसून बघत असणार.

मी बाहेर धावले. "अक्का, उन्हात कशाला आलात? मी करत जाईन हे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराच्या टोकाने काचेवरची धूळ झटकली आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तू गाडी चालाव. इतलं मनाकडे राहू दे."