शिळं पाणी

आमच्या गल्लीतला जुना बंगला पाडून तिथं सात मजली इमारत होणार हे कळलं आणि आम्ही सगळे एकदम जागरूक नागरिक झालो. एरवी गाडी लावण्यावरून एकमेकांची तोंडं न बघणारे लोक आमच्या ओट्यावर जमले. महापालिकेत हरकत घ्यायची ठरली. मी शाळेत मराठी शिकवलेली, त्यामुळे ती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही हात सैल सोडून लिहिलं. आठवड्यातून एकदा कसंबसं पाणी येणाऱ्या गल्लीत आणखी सात मजले कशाच्या जोरावर चढवता, असं ठणकावून विचारलं. पुरावा म्हणून टोकाच्या घराचा दाखला दिला. तिथं शिवणकाम करणारी एक विधवा बाई राहते. तिच्या नळाला धारच लागत नाही, कारण तिच्या अलीकडच्या आम्ही सगळ्यांनी नळांना मोटरी लावल्या आहेत. हे कारण अर्थातच लिहिलं नाही.

पाहणीसाठी महापालिकेचे साहेब सकाळी आले, आणि नेमकं तेव्हाच पाणीही आलं. पाणी आलं की आमच्याकडं दुसरं काही सुचत नाही. आधी टाकीतलं उरलेलं ओतून द्यायचं, मग ताजं भरायचं. आदल्या दिवशी तांब्या तांब्यानं पुरवलेलं पाणी नळ आल्याबरोबर शिळं होतं. मी शहागंजच्या बाजारातून आणलेल्या नव्या पाइपनं अंगण धूत होते. समोरचे काका गाडी धूत होते. साहेब पँट वर धरून त्या ओढ्यातून आले आणि म्हणाले, "पाणीटंचाईची गल्ली हीच ना?"

मी पाइप पाठीमागं नेला, तर सगळी साडी भिजली. घराघरातल्या मोटरी धडाधड बंद झाल्या. त्या शांततेत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी आम्ही निलाजऱ्यासारखे साहेबांना टोकाच्या घरी घेऊन गेलोच. आम्ही ओतलेलं पाणी तिच्या उंबऱ्यापुढून वाहत होतं आणि ती कोरड्या नळाखाली ड्रम लावून बसली होती. साहेबांनी थेट विचारलं, "हे लोक मोटरी लावतात, म्हणून तुम्हाला येत नाही ना?"

ती व्हय म्हणाली असती तर आमची हरकत तिथंच बुडाली असती, आणि मोटरी जप्त होऊन तिच्या ड्रममध्ये पाणी पडलं असतं. तिनं एकदा आमच्याकडं पाहिलं.

"नाय साहेब. मोटरीचं काय नाय. मागूनच लई कमी येतं."

पुढं हरकत मान्य झाली आणि इमारतीचे दोन मजले कमी झाले. ओट्यावर पेढे वाटले गेले. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी बादली घेऊन आमच्याकडं आली. पेढा तिच्या हातावर ठेवताना मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी खरं का नाही सांगितलंस गं? तुला पाणी मिळालं असतं."

"साहेब एक दिस येतेत, ताई. बादली तर मला रोज तुमच्याकडूनच न्यायची."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बादली आमच्या टाकीच्या नळाखाली सरकवली आणि मी तोटी कधी सोडते याची वाट बघत ती उभी राहिली.