सोलांची डबी

बाबांनी मुलुंडहून पाठवलेली डबी उघडली आणि कोकमाच्या सोलांचा आंबट वास आला. मी मुलुंडला आईबाबांकडेच राहत होते आणि डिप्रेशनच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हा माझं तोंड इतकं सुकायचं, की ऑफिसात बोलताना जीभ टाळूला चिकटायची. एका सकाळी वैतागून मी आईला म्हटलं, “उद्यापासून गोळी बंद.” बाबा पेपर वाचत होते, माझ्या आजाराबद्दल त्यांनी तोवर अवाक्षरही काढलं नव्हतं. ते उठले, फडताळातून दोन सोलं आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “गोळी सोडू नको गो. ह्यां तोंडात धर.” हळूहळू तोंडाला पाणी सुटलं. आता गोळी बदललीय, तोंड सुकत नाही. तरी बाबा फोनवर विचारतात, “तोंड सुकता काय गो?” मी हो म्हणते.