चंद्रासमोरचा किनारा

निवृत्तीनंतर आम्ही उभयता बहरीनला, सनद येथे, चिरंजीवांच्या घरी राहावयास गेलो. सुखात उणे काही नव्हते. अडत होते ते संकल्पापाशी. तळहातावर पाणी घेऊन आपण कोठल्या भूमीवर उभे आहोत, हे कर्मारंभी सांगावे लागते. जन्मभर मी 'गोदावरीच्या दक्षिण तीरी' म्हणत आलो होतो. येथे नदीच नव्हती. खोटे ठिकाण सांगून केलेली पूजा देवापर्यंत पोहोचावी कशी? ही शंका मनाला इतकी लागली की अखेर मी चिरंजीवांना परतीचे तिकीट काढावयास सांगितले. त्या रात्री नात जेवली नाही.

त्याच आठवड्यात खग्रास चंद्रग्रहण आले. ग्रहणस्नानासाठी आम्ही सगळे झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. स्पर्शाचे स्नान मी संकल्पावाचूनच उरकले आणि गुडघाभर पाण्यात जपाला उभा राहिलो. चंद्र पुरता झाकला गेला. पण काळा न पडता घासलेल्या ताम्हनासारखा तांबूस झाला.

"आजोबा," शेजारी उभी असलेली नात म्हणाली, "मूनवर आत्ता सोलर इक्लिप्स आहे! अर्थनं सनला कव्हर केलंय."

माझी जपमाळ थांबली. "म्हणजे तेथून पाहता सूर्याला गिळणारा राहू आपणच?"

"आपणच!" चिरंजीव हसले. "आणि बाबा, तिथून पृथ्वीचं काळं बिंब दिसत असणार, आपल्या चंद्राच्या जवळजवळ चौपट रुंद. त्याला लाल कडं. या क्षणी जिथं जिथं सूर्य उगवतोय नि मावळतोय, तो सगळा उजेड त्या कड्यात. तोच चंद्रावर पडलाय."

प्रातःसंध्या आणि सायंसंध्या एकाच कड्यात, एकाच क्षणी! मला हसू आवरेना. नातीचे दोन्ही हात धरून मी त्या पाण्यात गरगर फिरू लागलो. आकाश फिरले, किनारा फिरला, पाण्याचे तुषार दाढीत शिरले.

"अहो, पडाल!" किनाऱ्यावरून पत्नी ओरडली. "वयाचं काही भान?"

"अगं, आपण राहू आहोत, राहू!"

"तुमचं मला लग्नापासून ठाऊक आहे."

धापा टाकीत मी नातीला विचारले, "आणि गोदावरी? ती तेथून कोठे दिसेल?"

"नाही दिसणार, आजोबा. ती पण त्या ब्लॅकमध्येच. आपल्याबरोबर."

आपल्याबरोबर. मी पुन्हा एकदा वर पाहिले.

चंद्र मोकळा झाला तेव्हा मोक्षस्नानासाठी मी ते खारे पाणी तळहातावर घेतले. स्थळाचा उच्चार आला आणि जीभ अडखळली नाही: "चंद्राभिमुखे समुद्रतीरे." व्याकरण शुद्ध होते, भूगोलही.

बुडी मारून वर आलो, तो समोर नात श्वास रोखून उभी.

"मग तिकिटाचं काय करू, बाबा?" चिरंजीवांनी विचारले.

"खलास!" मी तेथल्या अरबी बोलीत उत्तरलो.

नातीने माझ्या अंगावर अशी काही उडी मारली की आम्ही दोघेही पाण्यात बसलो.

"झालं असेल तर पंचा घ्या," पत्नी म्हणाली, "राहूमहाराज."