नत्थूजींची फुंक

मी कोणावर विश्वास ठेवत नाही. हा दुर्गुण असेल, पण मला पगार त्याचाच मिळतो. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट यार्डाच्या गेटवर मुन्शी म्हणून बसायचं तर ताडपत्रीखाली काय आहे ते स्वतः उचलून बघावं लागतं, टाकीतलं डिझेल काडी घालून बघावं लागतं, आणि 'साहेबांशी बोलणं झालं' म्हणणाऱ्याला साहेबांसमोर उभं करावं लागतं. माझी बायको म्हणते, "तुम्ही आरशातल्या माणसालेही गेटपास मागान." मागेनही. आरशातल्या माणसाची मला काय खात्री?

अशा माझ्या हातात मालकांनी यंदा फुंकणी दिली. मशीनचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, पण ड्रायव्हर लोकांनी पहिल्याच दिवशी तिला फुंकणी केलं. नळीत फुंकायचं, दारू घेतली असेल तर ती केकाटते आणि लाल आकडा दाखवते. नियम सोपा होता. पहिल्यांदा वाजली तर त्या दिवशीची खेप गेली. दुसऱ्यांदा वाजली तर मालकांपर्यंत गोष्ट जाणार. तिसऱ्यांदा वाजली की नाव कापायचं, आणि वाडीतल्या बाकीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनाही तसं कळवायचं. म्हणजे त्या माणसाचं स्टेअरिंग कायमचं सुटलंच.

मशीन आली त्याच दिवशी ती वाजली, आणि वाजली ती नत्थूजींवर.

नत्थूजी आमच्या यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. रामटेककडच्या एका धानाच्या गावचे. रायपूरची लाइन चालवतात, लोखंड नेतात. गाडीला हात लावण्याआधी टायरच्या पाया पडतात आणि आपल्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. एके काळी पट्टीचे पिणारे होते. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या, गोपिकाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भर मांडवात पाहुण्यांच्या अंगावर कोसळले. सोयरीक मोडली नाही, पण मुलगी बापाशी बोलेना. मग एक दिवस रामटेकचा गड चढले, शपथ घेतली, खाली उतरले, आणि तेव्हापासून थेंब नाही. ही गोष्ट यार्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला त्यांच्याकडून ऐकावीच लागे. शेवट ठरलेला असायचा. "औषध-बिवषध काही नाही लागत गा. मन पाहिजे माणसाले. गडावर गेलो, हात जोडले, संपला विषय." हे सांगताना छाती अशी काढायचे की ऐकणारा मुकाट्यानं मान हलवायचा.

व्यसन एकच उरलं होतं, खर्रा. आमच्या नागपुरात तो कोण खात नाही म्हणा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला की झाला. समोरच्या रामाजीच्या ठेल्यावरून नत्थूजी संध्याकाळी पुड्या घेऊन जात. सकाळी त्यातली एक पुडी डब्याबरोबर त्यांच्या पत्नी, जयवंतावहिनी, हातात देत. नत्थूजी गेटवर येईपर्यंत ती गालात गेलेली असे. "धम्मानंद, घरच्या पुडीले जे तेज आहे ना, ते रस्त्यातल्या खर्ऱ्याले नाही," असं म्हणायचे. पुडी तीच, घोटणारा रामाजी तोच, घरात राहून तिला कसलं तेज चढणार? मी हसण्यावारी नेलं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला नेमका तिथे संशय आला नाही.

तर त्या दिवशी नत्थूजी आले, गालातला खर्रा थुंकला, मिशी पुसली आणि ऐटीत फुंकले. फुंकणी केकाटली.

"मशीन बिघडली असन," ते हसत म्हणाले.

मी स्वतः फुंकून पाहिलं. शून्य. मागे उभ्या दुसऱ्या ड्रायव्हरला, दुर्गेशला, फुंकायला लावलं. त्याचंही शून्य. पुन्हा नत्थूजींना दिली आणि ती पुन्हा बोंबलली. त्यांचं हसू गेलं. "मी पेलो नाही गा," ते हळू आवाजात म्हणाले. हे वाक्य मी इतक्या पिणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला माझ्यापाशी काही किंमत उरलेली नाही. त्यांची गाडी दुर्गेश घेऊन गेला. यार्डात दुपारपर्यंत एकच चर्चा होती, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच.

संध्याकाळी जयवंतावहिनींचा फोन आला. "भाऊ, खरं सांगा. घेऊन राहिले का ते?"

"मले माहीत नाही वहिनी. मशीन वाजली, इतकंच खरं."

वहिनींनी फोन ठेवला.

त्यानंतर नत्थूजींना जिकडेतिकडे कट दिसू लागला. दुर्गेश आपल्या गाडीवर डोळा ठेवून आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं. कॅन्टीनचा चहा बंद केला. पाण्याची बाटली कोणाच्या हातात देईनात. एकदा तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "धम्मानंद, नळी तर तूच लावतो ना?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांवर संशय घ्यायचा तो मी. माझ्यावर कोणी घ्यायचा नाही. मी नवीन नळी काढली आणि पाकीट त्यांनाच फोडायला लावलं. नव्या नळीतही मशीन वाजली, आणि या वेळी आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता.

दुसरी वेळ झाली. मालकांचा मुलगा पियूषबाबू, हल्ली तोच यार्ड बघतो, त्यानं नत्थूजींना बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं. वयानं दुप्पट माणूस खाली मान घालून उभा होता. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण माझ्या मनात पाल चुकचुकतच राहिली. घरून निघताना घेत असतील, सवयच तशी असते, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या खेपेला नत्थूजी सकाळी लवकर येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. दाढी केलेली, डोळे झोप न झालेले. "काही खाल्लं नाही, चहाबी नाही. पुडी खिशातच आहे. आता घे माही फुंक."

घेतली. शून्य.

त्यांनी आकडा दोनदा वाचला. मग उठले, टायरच्या पाया पडले, मालाचे दोर ताणून पाहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं खर्ऱ्याची पुडी फोडली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात पियूषबाबू आला.

"यांची घेतली का?"

"शून्य आली, साहेब."

"माझ्यासमोर घ्या."

नत्थूजी खुशीत खर्रा थुंकून पुढे आले आणि फुंकले. मशीन अशी केकाटली की ठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली.

मघाचं शून्य मीच पाहिलं होतं. तेव्हापासून हा माणूस माझ्या नजरेआड झाला नव्हता. पाणी नाही, चहा नाही. गेलं असेल तोंडात तर एकच. मी त्यांच्या खिशातून पुडी काढली आणि नाकाशी नेली. चुन्या-तंबाखूच्या खाली आणखी एक वास होता. सुई टोचण्याआधी कापसानं दंड पुसतात, तो.

रामाजीला ठेल्यावरून बोलावलं. त्यानं आमच्यासमोर ताजा खर्रा घोटला, दुर्गेशनं तो खाल्ला, थुंकला आणि फुंकला. शून्य. रामाजी पियूषबाबूला म्हणाला, "खर्ऱ्यात दारू टाकून विकाले मले परवडन का, साहेब?" त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आता सगळ्यांच्या नजरा नत्थूजींकडे वळल्या. पियूषबाबू म्हणाला, "म्हणजे तुम्हीच मिसळता. शक्कल चांगली आहे." आणि मला म्हणाला, "नाव कापा यांचं."

पण आता मला वेगळाच संशय आला. खर्ऱ्यात दारू लपवणारा माणूस सकाळी उपाशीपोटी स्वतःहून माझ्यापुढे येऊन बसेल कशाला? मी दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि नत्थूजींना घेऊन त्यांच्या घराकडे निघालो. घर यार्डाच्या मागच्या वस्तीतच आहे. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "पुडी रात्रभर कोठी राहते?"

"जयवंतापाशी," ते म्हणाले, आणि चालायचे थांबले.

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याला अवेळी आलेलं बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी पुडी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यामागून एक छोटी बाटली घेऊन आल्या. लेबलवर लिहिलं होतं, नकळत दारू सोडवा. सीताबर्डीच्या एका दुकानातून आणत होत्या. झाकण उघडताच तोच स्पिरिटचा वास आला.

"जेवणात टाका म्हणे," वहिनी मला सांगू लागल्या, नवऱ्याला नाही. "पण हे घरी जेवतात कवा? खर्रा तेवढा चुकत नाही. मंग सकाळी पुडी देताना त्याच्यातच टाकत होती. तुम्ही म्हणाले मशीन वाजली, तं मी थेंब वाढवले."

नत्थूजी खाली बसले.

"कवापासून वं?"

"गोपिकाच्या साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आन् मी गडावर गेलो, ते?"

"तुम्ही त्याच्यानंतर गेले. पंधरवडा झाला होता."

नत्थूजी तिच्याकडे बघत राहिले. यार्डातल्या प्रत्येक पोराला ऐकवलेली गोष्ट त्यांच्या तोंडात अडकली असावी. मग म्हणाले, "मी सोडली, हे तुले दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना. म्हणूनच तं बंद केलं नाही."

ती बाई खोटं बोलत नव्हती आणि तिला त्यात काही चुकलं असंही वाटत नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिचं तर मांडवात तोंड पोळलं होतं. मला तिचा राग आला आणि दयाही आली.

बाटली मी पियूषबाबूच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याला माझंही खरं वाटेना, हे मला आवडलं. त्यानं थेंब स्वतःच्या जिभेवर घेतले, फुंकलं, आणि मशीन त्याच्यावर केकाटली. मग चूळ भरून, थोडा वेळ थांबून पुन्हा फुंकलं, तेव्हा शून्य. नत्थूजींचं नाव राहिलं. गेटपाशी एक नळ बसला आणि आता प्रत्येकानं चूळ भरून, थोडं थांबूनच फुंकायचं असं ठरलं. त्याच संध्याकाळी नत्थूजींना त्यांची गाडी परत मिळाली.

नोकरी वाचली, पण तो माणूस काही तसाच राहिला नाही. पोरं काही दिवस चिडवत राहिली, "नत्थूभाऊ, आज औषध घेतलं का?" त्यांनी मनावर घेतलं नाही, असं वरवर तरी दाखवलं. मात्र रामटेकच्या गडाची गोष्ट बंद झाली. नवा ड्रायव्हर आला आणि कोणी मुद्दाम विषय काढला तर ते उठून टायर बघायला जातात. खर्रा आता रामाजीपाशीच उभं राहून खातात, पुडी घरी नेत नाहीत.

मागच्या रविवारी त्यांची सुट्टी होती. तरी धुतलेला शर्ट घालून गेटवर आले. नळावर चूळ भरली, रांगेत दुर्गेशच्या मागे उभे राहिले आणि पाळी आली तशी नळीसाठी हात पुढे केला.

"नत्थूभाऊ, आज सुट्टी आहे ना तुमची?"

"हो."

"मंग?"

"घरी थेंब बंद झाले गा," ते म्हणाले. "थेंबाबिगर शून्य राहते का, पाहून जातो."

फुंकले. मी म्हणालो, शून्य. त्यांनी मशीन माझ्या हातातून घेतली, उन्हाकडे पाठ करून स्वतः आकडा वाचला आणि परत दिली. "जयवंताले नको सांगजो, मी आलो होतो म्हणून."

ते वळणावर दिसेनासे झाले तसा माझा फोन वाजला. वहिनी होत्या.

"भाऊ, आले होते का ते?"

"आले होते."

"किती निघालं?"

"शून्य, वहिनी."

"तुम्ही आपल्या डोळ्यानं पाह्यलं ना?"