अरे, गेला!

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वारले. मुलगा परदेशात, म्हणून स्मशानात पुतण्याने व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. फाइव्ह-जीमुळे चित्र इतकं लख्ख, की तिकडून मुलगाच म्हणाला, "बाबांच्या नाकावर माशी बसलीय." शेजारी उभं राहून आम्हाला ती दिसली नव्हती.

पण हे वेगवान नेटवर्क बॅटरी घटाघटा पितं. अग्नी देणार, तेवढ्यात पुतण्या ओरडला, "अरे, गेला!" सकाळपासून पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. अग्नी थांबवला. दोघं पॉवर बँकसाठी धावले. त्यांत मी पुढे होतो.

परवा काकांना धाप लागली, काकूंनी जिन्यातून हाका मारल्या, तेव्हा मात्र मला चप्पल सापडत नव्हती.