गठ्ठ्यावरची लाल रेघ

उमरेडहून आलेल्या त्या पोरीमुळे माझ्या पोटात दुखू लागलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. सत्तरच्या दशकात आमच्या नागपूरच्या कचेरीत कोळशाच्या थरांची गणितं करणारा खोलीभर कॉम्प्युटर होता, आणि त्याची भाषा येणारी मी एकटी. त्याला कळत फक्त आकडे. आधी मी आकड्यांतच लिहिलं. मग आकड्यांच्या जागी आखूड शब्द आले. तरी हे उचल, ते मिळव, तिकडे ठेव, अशी एकेक पायरी सांगावी लागेच. आठ महिने डोळे फोडून शिकले होते. "बाईंशिवाय मशीन हलत नाही," असं साहेब म्हणत.

ही विणकराची मुलगी आली ती फोर्ट्रान नावाची दुसरीच भाषा शिकून. वहीत लिहावं तसं सूत्र लिहायचं. त्याचे आकडे करून द्यायला कंपायलर नावाचा प्रोग्राम दुभाष्यासारखा बसलेलाच. मला पंधरा दिवस लागत ते ती दोन दिवसांत करी. आयत्या पिठावर रेघोट्या, मी मनात म्हणे. वर ती हसतमुख. ते तर मुळीच सोसत नसे.

नव्या खाणीचं काम दोघींपैकी एकीला मिळणार होतं. शनिवारी साहेबांसमोर दोघींचे प्रोग्राम चालवायचे ठरले. तेव्हा प्रोग्रामच्या एकेका ओळीसाठी भोकं पाडलेलं एकेक कार्ड असे. क्रम चुकला की सगळं बाद. त्या सकाळी ती चहाला गेली, कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवून. मी तो पत्त्यांसारखा पिसला आणि होता तिथे ठेवला.

परत येताच ती गठ्ठ्याकडे वाकून बघू लागली.

"काहून वं, काय पाहून राहिली?" मी विचारलं.

"कोणाच्या तरी हातून पडले वाटते, ताई."

गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिने आधीच लाल पेन्सिलीने तिरपी रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ पुन्हा सलग होईपर्यंत तिने कार्डं लावली. पंधरा मिनिटांत गठ्ठा जसाच्या तसा. मग माझा गठ्ठा ओढून त्यावरही तशीच रेघ मारली.

"तुमचेबी पडले तं कामात येईन, ताई."

दोघींचे प्रोग्राम चालले. साहेबांनी ऐनवेळी एक सूत्र बदलायला सांगितलं. तिने एक कार्ड बदललं. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. काम तिला मिळालं.

केल्या कृत्याची लाज मला वाटली, पण ती फार नंतर. तिने माझ्या गठ्ठ्यावर रेघ मारली तेव्हा मनात एवढंच आलं, की इतक्या वर्षांत ही रेघ मला का सुचली नाही.